हात लाव, धरू नकोस

मी बगळा बोलतोय. दचकू नका. मला पिसं नाहीत आणि मी मासेही खात नाही. मी पोलादाचा आहे. लांब मान, मानेत दोन सांधे, टोकाला दोन बोटांचं एवढंसं पाऊल आणि वर घट्ट-सैल करायचा एक गोल स्क्रू. थिएटरमधल्या सिस्टरनी मला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा त्या म्हणाल्या, "हा तर बगळाच की! एका पायावर ध्यान लावून उभा." कागदोपत्री माझं नाव बरंच लांबलचक आहे, पण त्या नावानं मला कुणी हाक मारली नाही. तशी बगळा म्हणूनही फारशी मारली नाही.

माझं काम सांगायला सोपं आहे. हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी तुंबली, की डॉक्टर तिला बाजूनं दुसरी वाट काढून देतात. त्याला बायपास म्हणतात हे तुम्हाला ठाऊकच असेल. शर्टाचं वरचं बटण काढून छातीवरचा व्रण दाखवणारे एखादे काका हल्ली घरोघरी असतात. त्यासाठी पूर्वी छातीचं मधलं हाड करवतीनं उभं कापायचे, हृदय थांबवायचे आणि तेवढ्यापुरता त्याचा कारभार एका भल्यामोठ्या यंत्राकडे सोपवायचे. माझी तऱ्हा वेगळी. डाव्या बाजूला दोन बरगड्यांच्या मधे एक लहानशी चीर, बस. हृदय चालूच. त्या चिरेतून मी आत उतरतो आणि धडधडत्या हृदयाचा टपालाच्या तिकिटाएवढा तुकडा माझ्या दोन बोटांमधे शांत ठेवतो. बाकीचं हृदय आपलं उड्या मारतच असतं. तेवढ्या शांत जागेत डॉक्टर केसाहून बारीक दोऱ्यानं टाके घालतात.

'काळजाला हात घातला' असं तुम्ही माणसं एखाद्या गाण्याबद्दलही म्हणून जाता. मी तो खरोखर घातलाय, आणि अनेकांच्या काळजाला घातलाय. त्यातल्या एकानंही मला पाहिलं नव्हतं. झोपलेल्या माणसाच्या घरी जाऊन, त्याचं दुखणं निस्तरून, तो उठायच्या आत निघून यायचं, असलं हे माझं आयुष्य.

माझा जन्म एका कात्र्या-चिमटे बनवणाऱ्या कारागिराच्या लहानशा कारखान्यात झाला. एक दिवस तिथे एक डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी पर्समधून जेवणाच्या टेबलावरचा एक काटा काढला. त्याचे मधले दात पकडीनं मोडलेले होते आणि दांडा वाकवलेला होता.

"असं काहीतरी हवंय," त्या म्हणाल्या. "पण नीट."

कारागिरानं काटा उलटसुलट करून पाहिला. "कशाला हवंय?"

"हृदय धरायला. चालू असलेलं."

"चालू असलेलं?" त्यानं चष्मा कपाळावर चढवला. "बाई, चालू पंख्याचं पातं पुसायला मी घरातही कुणाला देत नाही."

पण त्यानं काम घेतलं. माझ्या आधी त्यानं माझे थोरले भाऊ घडवले. एकाची मान लटपटायची, एकाच्या बोटांना धार राहिली, एकाचा स्क्रू मधेच सुटायचा. ते सगळे भंगारात गेले. मी जमलो. दुसरा मात्र त्यानं केला नाही, कारण बाईंना एकच परवडत होता. भाऊबंद गेलेले, जोडीदार झालाच नाही. म्हणून जगात माझ्यासारखा मी एकटाच राहिलो.

माझी पहिली शाळा म्हणजे बाईंच्या घरचं कपडे धुण्याचं मशीन. हसू नका. हलत्या हृदयावर हात बसवायचा तर हलतं हृदय हवं. बाई खाटकाकडून बकऱ्याचं हृदय आणायच्या, ते कुंड्यात घालून मशीनवर ठेवायच्या आणि मशीन सुरू करायच्या. मशीन थडथडू लागलं की मला त्या हृदयावर टेकवून टाके घालायच्या. त्यांच्या सासूबाई दारात उभ्या राहून बघायच्या.

"अगं, यात कपडे धुवायचे की माणसं?"

"दोन्ही, आई. आत तुमच्याच चादरी आहेत."

"मग जरा बेतानं. चादरीला बायपास नको."

त्या घरात मी सुखी होतो हे मला पुढे कळलं. तिथे मला धुवून स्वयंपाकघरातल्या चमच्यांच्या शेजारी निथळत ठेवायचे. चमचे बडबडे असतात. चहाच्या चमच्यांना तर घरातलं सगळं माहीत. मला त्यांच्यातलाच एक समजून ते बोलायचे. मग एके दिवशी माझी रवानगी हॉस्पिटलमधे झाली, आणि गप्पा संपल्या.

हॉस्पिटलमधे अवजारांची राहणी कडक. काम झालं की ब्रशनं घासणं, मग वाफेची भट्टी, मग कापडात गुंडाळून फळीवर. पुढच्या कामापर्यंत अंधार. इतर अवजारं जोडीनं किंवा घोळक्यानं राहतात. चिमटे ढीगभर, कात्र्यांचं तर अख्खं खानदान. माझं गाठोडं वेगळं. फळीवर माझ्या शेजारी फक्त करवत होती. वयानं मोठी म्हणून मी तिला मावशी म्हणायचो. मावशीनं आयुष्यात एकच काम केलं होतं, छातीचं हाड कापायचं, आणि ते तिनं सचोटीनं केलं होतं. तिला माझा राग नव्हता. "तू असलास की मला विश्रांती," एवढंच ती म्हणायची. पण मला आणून ठेवल्यापासून ती कमी बोलू लागली होती, आणि तिच्या जागी मी असतो तर मीही कमीच बोललो असतो.

थिएटरमधे माझ्यावर सगळ्यांचा विश्वास होता अशातला भाग नाही. तिथले सगळ्यांत अनुभवी सर्जन, त्यांना सगळे मोठे सर म्हणत, मला बघून मान हलवायचे. "छाती उघडावी, डोळ्यांनी बघावं, मग काम करावं. खिडकीतून हात घालून कुणी घर झाडतं का?" माणूस चांगला होता. आपल्याला जे येतं त्यावर त्यांचं प्रेम होतं, इतकंच. बाईंचं ऑपरेशन असलं की ते न बोलावता येऊन भिंतीशी उभे राहत. काही बिनसलंच तर सावरायला.

आणि मग तो आला. शिलाई मशीन दुरुस्त करणारा.

त्याच्या पायांत लहानपणापासून ताकद नव्हती. दोन्ही काखांत कुबड्या, पाठीला हत्यारांची पिशवी. लोकांच्या घरोघरी जाऊन तो मशीन दुरुस्त करायचा. जिने चढायचा, गल्लीबोळ पालथे घालायचा. आता त्याच्या हृदयाची मुख्य वाहिनी तुंबली होती आणि दोन पायऱ्या चढल्या तरी छातीत दुखत होतं. मोठ्या सरांनी तपासून सरळ सांगितलं होतं, की नेहमीसारखी छाती उघडू. पण हाड कापलं म्हणजे ते जुळून येईपर्यंत हातांवर भार टाकायचा नाही. महिने जातात त्यात.

मला हे सगळं कळलं, कारण ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी त्याच्या खोलीत होतो, डॉक्टरीणबाईंच्या कोटाच्या खिशात. त्यानंच हट्ट धरला होता. "जो कोण माझ्या आत जाणार, त्याची तोंडओळख तरी करून द्या."

"डॉक्टर," तो म्हणत होता, "लोक पायांनी चालतात, मी हातांनी चालतो. तेवढे हात ठेवा. ते गेले तर मला कोपऱ्यात उभं करून ठेवायचं, छत्रीसारखं. त्यापेक्षा आहे हे दुखणं बरं."

"असलं काहीतरी बोलू नका हो," त्याची बायको म्हणाली. ती पलंगाच्या कडेला पदराचं टोक पिळत बसली होती.

"हात घेणार नाही," बाई म्हणाल्या. "लहान चिरेतून करायचं आहे म्हणूनच तर हा." आणि त्यांनी मला त्याच्या तळहातावर ठेवलं.

त्या हाताची आठवण मी जपून ठेवली आहे. तळव्यावर कुबड्यांचे घट्टे होते, बोटांना मशीनच्या तेलाचा वास होता. त्यानं माझी मान वळवून पाहिली, माझ्या बोटांवरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे बघून, होय, माझ्याकडे बघून म्हणाला, "गारठलायस की रे! उद्या जरा सांभाळून. काम झालं की भेटू."

आजवर माणसं माझ्याबद्दल बोलली होती. माझ्याशी बोललेला हा पहिलाच.

मग तो बाईंची फिरकी घेऊ लागला. "आमच्यात टाका सुटला तर बाही उसवते. तुमच्यात काय होतं?"

"आमच्यात टाका सुटत नाही."

"सगळे टेलर असंच म्हणतात." तो हसला, त्यानं मला बाईंच्या हाती परत दिलं आणि तो उठायला लागला. "थांबा, दाखवतो तुम्हाला मी कसा चालतो ते. म्हणजे कशासाठी चाललंय हे सगळं ते लक्षात राहील."

त्यानं कुबड्या काखेत घेतल्या. बायकोनं लगेच पुढे होऊन त्याचा दंड पकडला, आणि त्याचा तोल गेला. पलंगाचा कठडा हाती आला म्हणून सावरला.

"अगं, किती वर्षं सांगतोय! हात लाव, धरू नकोस. धरलंस की मला माझा तोल सापडत नाही."

"आणि पडलात म्हणजे?"

"पडलो तर उठेन. तू धरलंस तर दोघं पडू."

तिनं हात मागे घेतला. पण डोळे भरले होते. आपल्या माणसाला धरायचं नाही, नुसतं बाजूनं चालायचं, हे काही सोपं नसतं. तो खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला, टक, टक, दाराशी वळला आणि धापा टाकत परत आला. बाईंनी मला खिशात घातलं आणि खिशातच हातानं धरून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन सुरू झालं. मोठे सर भिंतीशी उभे. मावशीचं गाठोडं जवळच्या टेबलावर तयार. चीर घेतली गेली, नव्या वाटेसाठी छातीच्या आतल्या बाजूची एक निरोगी वाहिनी सोडवून घेतली, आणि मला आत उतरवलं.

हृदयाची भेट होते तो क्षण मला दर वेळी नवा असतो. प्रत्येकाची चाल निराळी. कुणाचं घाईचं, कुणाचं रेंगाळणारं. त्याचं हृदय त्याच्या चालण्यासारखंच होतं, आधी एक जोराचा रेटा आणि मग ओढत आणलेलं पाऊल. मी टेकलो. जागा थोडी थरथरत होती. बाईंनी माझा स्क्रू पिळला. तरी थरथर राहिली. त्यांनी आणखी पिळला.

एरवी त्या मला हलकेच टेकवायच्या. त्या दिवशी त्यांचा हात जड होता. भीती माणसाच्या हातात उतरते, हे मी माझ्या स्क्रूवरून सांगतो. हा पेशंट बिघडता कामा नये, याचे हात गेले नाही पाहिजेत, ती सगळी काळजी माझ्या मानेतून खाली दाबली जात होती. जागा एकदाची शांत झाली. सगळ्यांना बरं वाटलं. मला नाही. माझ्या बोटांखाली हृदय नीट भरतच नव्हतं. पाणी प्यायला मान वर करावी आणि कुणीतरी गळाच धरावा, तसं त्याचं झालं होतं.

"रक्तदाब उतरतोय," भूल देणारे डॉक्टर म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "अजून उतरतोय."

मला ओरडता येत नाही. एवढे दिवे, एवढी शिकलेली माणसं, आणि नेमकं काय चुकतंय ते फक्त त्या हृदयाला आणि मला ठाऊक. त्यालाही तोंड नाही, मलाही नाही. अंधाऱ्या फळीवर मी पुष्कळ दिवस काढलेत, पण त्या उजेडात मला जेवढं एकटं वाटलं तेवढं कधी वाटलं नाही.

"पुरे झालं," मोठे सर भिंतीपासून पुढे आले. "उघडू या. जीव वाचला तर हातांचं बघता येईल. सिस्टर, करवत."

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. सिस्टरनी मावशीचं गाठोडं सोडलं. कापड बाजूला झाल्याचा आवाज मी ऐकला. उद्या शुद्धीवर आल्यावर तो माणूस छातीवरची उभी पट्टी बघेल आणि मग कोपऱ्यातल्या कुबड्यांकडे बघेल, हे मला तिथूनच दिसत होतं.

"एक मिनिट, सर." बाईंनी मला पूर्ण सोडवलं आणि वर उचलून धरलं. हृदय मोकळं झालं. दोन-चार ठोके अडखळलं आणि मग भरू लागलं.

"चढतोय," भूलवाले डॉक्टर म्हणाले.

बाई तशाच उभ्या होत्या. मास्कच्या आत त्या पुटपुटल्या, "हात लाव, धरू नकोस."

"काय म्हणालात, मॅडम?" मदतीला असलेल्या डॉक्टरनं विचारलं.

"काही नाही. हा स्क्रू सैल करा. आणखी. हं, आता टेकवा नुसता."

मी टेकलो. अगदी अलगद, मशीनवरच्या कुंड्यात टेकायचो तसा.

"हलतंय अजून," मोठे सर म्हणाले.

"हलू दे थोडं. मी हलेन त्याच्याबरोबर."

आणि बाईंचे हात खरंच हलू लागले, त्या हृदयाच्या चालीनं. रेटा आला की थांबायचं, ओढलेलं पाऊल आलं की टाका. मधूनच भूलवाले डॉक्टर आकडा सांगत, आणि तो आकडा पडत नव्हता. मोठे सर वाकून बघत राहिले. शेवटची गाठ बसली, वाहिनीवरचा चिमटा काढला, नव्या वाटेनं रक्त गेलं आणि माझ्या बोटांखालचं हृदय एकदम उबदार झालं. मला आयुष्यात जे काही मिळालं असेल, ते तेवढंच.

मोठे सर सरळ उभे राहिले. "सिस्टर," ते म्हणाले, "करवत परत ठेवा."

मावशीचं कापड सुटलं होतं, म्हणून न वापरताही तिला पुन्हा वाफेत जावं लागलं. आम्ही दोघं एकाच भट्टीत गेलो. तिच्यात नाराजी दिसली नाही.

पुढे मी वाट बघितली. 'काम झालं की भेटू' असं तो म्हणाला होता ना. पण बरा झालेला माणूस घरी जातो, अवजारांच्या फळीकडे येत नाही. 'गरज सरो, वैद्य मरो' म्हणतात. आमच्याकडे वैद्य छान जिवंत असतो, लोक त्याला फुलं आणून देतात. अवजाराला कुणी विचारत नाही, आणि विचारावं तरी कसं, ते आहे हेच माहीत नसतं.

नंतर नवी अवजारं आली. पाकिटबंद, हलकी, पावलांना दाबण्याऐवजी हवेच्या ओढीनं हलकेच धरून ठेवणाऱ्या वाट्या. माझ्यापेक्षा शहाणी आहेत, हे मी कबूल करतो. ती एकदाच वापरतात आणि टाकून देतात. एका हृदयाला भेटायचं आणि संपायचं. वाट बघणं त्यांच्या वाट्याला येतच नाही. मला कधीकधी त्यांचा हेवा वाटतो.

माझ्या स्क्रूचे आटे झिजले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मला भंगारात जाऊ दिलं नाही. तपासणीच्या खोल्यांकडे जाणाऱ्या बोळात, जिन्याच्या अलीकडे, एक काचेचं कपाट आहे. त्यात मला ठेवलंय. मावशीही निवृत्त होऊन वरच्या फळीवर आली आहे, पण मधे जाड लाकूड असल्यानं आवाज पोचत नाही. दिवसभर माणसं काचेसमोर थांबतात. आधी मला वाटायचं, मला बघायला थांबतात. ती स्वतःला बघतात. केस सारखे करतात, दातांत काही अडकलंय का ते बघतात, रिपोर्ट घ्यायला जायच्या आधी चेहरा हसरा करून बघतात. तो हसरा चेहरा किती खोटा असतो, ते काचेच्या या बाजूनंच दिसतं.

मागे एका सकाळी बोळाच्या टोकाकडून आवाज आला. टक, टक. आधी रेटा, मग ओढलेलं पाऊल. मी ती चाल झोपेतही ओळखीन. माझ्या बोटांनी ती धरली होती.

तो आला. पाठीला पिशवी होती, म्हणजे इथून तसाच कामावर जाणार होता. बायको बाजूनं चालत होती. तिचा हात त्याच्या दंडापासून जरासा लांब, उघडा, त्याच्या बरोबरीनं चाललेला. तो माझ्यासमोर थांबला. त्याच्या मागे खिडकी होती, त्यामुळे काचेत त्याला तोच दिसत असणार. त्यानं कॉलर सारखी केली. ते हृदय आणि मी यांच्यामधे एक शर्ट आणि एक काच, एवढंच होतं.

"इथे काहीतरी ठेवलंय बघ," तो म्हणाला.

"काय?"

"कुणास ठाऊक. चकाकतंय नुसतं."

"चला हो, आपला नंबर येईल."

मी जन्मलोच धरण्यासाठी. तेव्हा एकदाच, आयुष्यात एकदाच, मला स्वतःसाठी धरावंसं वाटलं. बघ ना रे, मी आहे. गारठलोय अजून. तू म्हणाला होतास, भेटू. पण तो वळला, जिन्याची पहिली पायरी चढला, मग दुसरी. मधे कुठे थांबला नाही, छातीवर हात ठेवला नाही. याला कुठे थांबावं लागू नये म्हणूनच तर त्या दिवशी आम्ही सगळे धडपडलो होतो. टक, टक करत आवाज वर गेला आणि नाहीसा झाला. मी त्याला जाऊ दिलं.

तुम्ही कधी त्या बोळातून गेलात, तर केस सारखे करून झाल्यावर जरा आत डोकवा. एका पायावर उभा असलेला दिसेन. तो माणूस तिथे भेटला, तर त्याला थांबवून माझी ओळख करून देऊ नका. त्याला जिने चढायचे असतात. तुम्हाला सवड असली तर काचेला क्षणभर नुसता हात लावा, आणि मग तुम्हीही जा.